हिरजाईचा पट आणि भागोजीचं यंत्र

एका गावात एक भोळा चितारी राहायचा. गावात शहाणे पुष्कळ होते, म्हणून तो उठून दिसायचा. त्याचं नाव भागोजी. वय तिशीचं, अंगाने धडधाकट, मनाने निर्मळ. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही, हाच काय तो त्याचा दोष. कुणी "जरा थांब" म्हणालं की तो थांबायचा, आणि "चल आता" म्हणेपर्यंत थांबूनच राहायचा. एकदा तो असा एसटीच्या थांब्यावर दुपारपर्यंत उभा होता. थांब म्हणणारा तोवर घरी जाऊन, जेवून झोपला होता.

गावाचं नाव कुरणवाडी आणि गावची देवी हिरजाई. तिच्या देवळात मूर्ती नाही, पट आहे. पट म्हणजे पुरुषभर उंचीचं कापड आणि त्यावर आठ हातांची देवी. दरवर्षी जत्रेला नवा पट लागतो. तो करायचा मान सात पिढ्या भागोजीच्या घराण्याकडे होता. पटाचे नियम मात्र कडक. देवीचे डोळे कोरे ठेवायचे आणि पट झाकूनच देवळात न्यायचा. जत्रेच्या सकाळी पडदा ओढायचा, देवीच्या तोंडापुढे आरसा धरायचा आणि चिताऱ्याने सगळ्या गावासमोर काजळाच्या दोन रेघांनी डोळे उघडायचे. एकदा डोळे उघडले की तीन दिवस जागचं हलवायचं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नदीत सोडायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं.

भागोजीचे वडील गेल्यापासून पट त्याची आई राहीबाई रंगवायची. यंदा तिचा हात थरथरायला लागला. कपबशी धरली तरी वाजायची. भागोजीला रंग कालवता यायचे, पण चित्र काढता यायचं नाही. त्याने काढलेला बैल आणि त्याने काढलेली खाट यांत फरक फक्त शेपटीचा. सरपंच दौलतराव ढमाले यांनी तर सांगूनच टाकलं होतं, की यंदा पट जमला नाही तर पुढच्या वर्षापासून हा मान काढून घेऊ आणि तालुक्याच्या बॅनरवाल्याला देऊ. सात पिढ्यांचं आपल्या हातून जाणार म्हणून राहीबाईला अन्न गोड लागेना.

मग तिच्या भाच्याने तोड काढली. त्याने भागोजीच्या फोनात चित्रं काढणारं एआय घालून दिलं. फोनाला सांगायचं, तो चित्र काढणार, आणि ते कापडावर छापून आणायचं. गावाने त्याला यंत्र म्हणायला सुरुवात केली. राहीबाईने खूप विचार केला. हात यंत्राचा असला तरी चालेल, डोळे आपल्या घरचे असले म्हणजे झालं, असं तिने ठरवलं. मात्र थेट देवीला हात घालण्याआधी भागोजीने गावातली चार किरकोळ कामं करून सराव करावा, असं तिचं म्हणणं पडलं.

"कुठल्या देवाची काय खूण आन् ती कशापायी, ते मी सांगीन," ती म्हणाली. "तू निस्तं मी सांगीन तसं कर."

हे वाक्य तिने फारसा विचार न करता उच्चारलं.

पहिलं काम शाळेचं आलं. गुरुजींना वर्गात लावायला गणपती हवा होता. भागोजी फोनाला म्हणाला, गणपती काढ. यंत्राने काढला. यंत्राला दोन खोडी होत्या. एक म्हणजे काहीही सांगा, त्याच्या मागे सूर्य उगवायचाच. दुसरी म्हणजे त्याला बोटं मोजता यायची नाहीत. गणपती छान होता, सोंड छान होती, पण ज्या हातात मोदक होता त्याला सहा बोटं होती. गुरुजी नुकतीच मुलांना बेरीज शिकवत होते. पोरं गणपतीची बोटं धरून मोजायची आणि पाच अधिक पाच अकरा म्हणायची.

राहीबाईने भागोजीला समोर बसवलं. म्हणाली, यंत्राचा काही भरवसा नाही. चित्र आलं की आधी अंग मोजायचं. माणसाला असतं त्याच्याहून जास्त काही दिसलं, की ते काढून टाकायचं.

भागोजीने ते पाठ केलं. रस्त्याने जाताना तो ते पुटपुटतच चालला होता.

दुसरं काम दत्ताच्या देवळाचं होतं. दत्तजयंती आली होती. भागोजी फोनाला म्हणाला, दत्त काढ. यंत्राने झकास दत्त काढला. तीन डोकी, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री, आणि सगळ्यांच्या मागे सूर्य. भागोजीने अंग मोजलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. यंत्र फारच चुकलं होतं. माणसाला डोकं एक असतं, इथे तीन. हात दोन असतात, इथे सहा. त्याने दोन डोकी काढली, चार हात काढले. कुत्र्यांच्या शेपट्याही मोजल्या. त्या एकेकच होत्या, म्हणून राहू दिल्या.

दत्ताच्या देवळात चित्र लागलं. चित्रात एक माणूस, एक गाय आणि चार कुत्री. भक्तमंडळी बराच वेळ बघत राहिली. शेवटी एक म्हातारा म्हणाला, हे आपले गुरांचे डॉक्टर दिसतात. डॉक्टरांना बोलावणं गेलं. डॉक्टरांनी चित्र पाहिलं आणि ते आपल्या हातरुमालाने पुसून घेतलं. इतकी वर्षं या गावात गुरं तपासतोय, पण एवढी कदर कुणी केली नव्हती, असं ते म्हणाले. त्यांनी ते चित्र दवाखान्यात लावलं. अजून तिथे आहे.

राहीबाईने कपाळाला हात लावला. हात कपाळावरही थरथरत होता.

"आरं, देवाचे हात म्हंजे आपल्यावाणी हात न्हवं," ती म्हणाली. "लई मोठं काम एकट्यानं पेलतोय, हे दावायची ती खूण. कुणाचं मोठेपण दावायचं तर हात वाढवायचे."

"असं व्हय," भागोजी म्हणाला. त्याला ते मनापासून पटलं.

तिसरं काम सरपंचांचं निघालं. दौलतरावांचा वाढदिवस आला होता आणि चौकात त्यांचा बॅनर लावायचा होता. त्यांनी भागोजीला बजावून सांगितलं, की बॅनर असा पाहिजे की माझं मोठेपण लांबून दिसलं पाहिजे. भागोजी आनंदला. मोठेपणाचं त्याला नुकतंच शिकवलेलं होतं. त्याने सरपंचांना आठ हात लावले. आता हात म्हटले की त्यात काहीतरी द्यायला हवं. भागोजीने आठवून आठवून सरपंचांच्या हातात नेहमी दिसणाऱ्या वस्तू घातल्या. एका हातात माईक, एका हातात फीत कापायची कात्री, एकात नारळ, एकात पुष्पगुच्छ, एकात मोबाइल, एकात पंचायतीचा शिक्का, एकात चहाचा कप आणि उरलेल्या आठव्या हातात भज्यांची बशी. मागे सूर्य होताच.

बॅनर चौकात लागला. मोठेपण लांबून दिसलं, अगदी शेजारच्या गावाहून दिसलं. तिथली माणसं ट्रॅक्टर भरभरून बघायला आली. विरोधी पार्टीच्या लोकांनी बॅनरखाली उभं राहून फोटो काढून घेतले. या माणसाला खायला दोन हात पुरत नव्हते हे आम्ही पाच वर्षं सांगत होतो, असं ते येईल जाईल त्याला सांगायला लागले. दौलतरावांनी बॅनर स्वतः चढून उतरवला आणि तसेच राहीबाईच्या दारात आले. जत्रेच्या पटात केसाएवढी चूक झाली तरी मान गेलाच समजा, असं बोलून ते गेले.

राहीबाईचा जीव थोडा थोडा झाला. तिने भागोजीला सगळं पुन्हा समजावलं. माणसाला हात वाढवायचे नसतात. ज्याची ओळख पटवायची त्याच्या शेजारी, सदा त्याच्याजवळ असणारं काढायचं. शंकराजवळ नंदी असतो. विष्णूजवळ लक्ष्मी असते. ते शेजारी दिसलं की बघणाऱ्याला लगेच कळतं, हा कोण.

"सदा जवळ असणारं," भागोजी म्हणाला. त्याने ते बोटाला सुतळी बांधून लक्षात ठेवलं.

चौथं काम सरूकाकूंचं आलं. त्यांचे यजमान भोईटे तात्या वारून वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाला पाहुणे यायचे होते, तर पाटावर मांडायला तात्यांची एक चांगली तसबीर हवी होती. भागोजीने तात्यांचा जुना फोटो यंत्राला दाखवला आणि मग विचार करत बसला. तात्यांच्या जवळ सदा काय असायचं? घर तर नसायचं. तात्या सकाळी उठून जे निघायचे ते शेवंताबाईच्या चहाच्या टपरीवर, आणि दिवेलागणीला परत यायचे. दिवसभर तिथल्या बाकड्यावर आडवे. हे गावाला ठाऊक होतं. सरूकाकूंनाही ठाऊक होतं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही असं घरात ठरलेलं होतं.

श्राद्धाच्या दिवशी तसबिरीवरचं कापड काढलं. तात्या बाकड्यावर पहुडले होते, चेहऱ्यावर मोठं समाधान. पायाशी शेवंताबाई बसली होती, अंगभर दागिने, हातात किटली. दोघांच्याही डोक्यामागे तेजाचं वलय होतं. पाहुण्यांनी हात जोडले आणि जोडलेले तसेच ठेवले. सरूकाकूंनी आणलेला हार परत पिशवीत घातला. काही पाहुण्यांचा असा समज झाला की शेवंताबाईही गेली, आणि ते टपरीवर सांत्वनाला गेले. शेवंताबाईने त्यांना चहा दिला. मग ती तसबीर बघून गेली आणि एवढंच म्हणाली, की माझी किटली इतकी चकचकीत कधीच नव्हती.

राहीबाईने आता रागावणंही सोडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जत्रा चार दिवसांवर आली होती. तिने लेकाचा हात हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं.

"भागोजी, चित्र म्हंजे निस्ती खूण असती. खरं असतंय ते चित्राच्या भाईर. तू खुणेला धरून बसतोस आन् फसतोस. खरं कुठं हाय ते बघत जा."

भागोजीने मान हलवली. हे सगळ्यात सोपं होतं.

आणि मग पटाचं काम सुरू झालं. कुणाला खोटं वाटेल, पण ते काम भागोजीने सुरेख केलं. राहीबाई शेजारी बसून एकेक सांगत होती आणि तो एकेक शब्द यंत्राच्या कानावर घालत होता. यंत्राने आधी गोरीपान, नटीसारखी बाई काढली. राहीबाई म्हणाली, आमची हिरजाई रानातली आहे, उन्हात राबणारी, सावळी. यंत्राने सावळी काढली. तिला हिरवं लुगडं नेसवलं. मग हात. एका हातात विळा, कारण ती कापणीची. एका हातात सूप, कारण ती पाखडून घेते. मग घागर, दिवा, नांगराचा फाळ, जोंधळ्याचं कणीस आणि शंख. आठवा हात रिकामा, कारण तो आलेल्याच्या डोक्यावर ठेवायचा. मागचा सूर्य राहीबाईने एवढा एक राहू दिला. भागोजीने हात मोजले, बोटं मोजली. चाळीस भरली. राहीबाईने पदराने डोळे पुसले आणि ती देऊळ सारवायला गेली.

फक्त डोळे राहिले होते. ते कोरे ठेवायचे होते. भागोजी फोनाला म्हणाला, डोळे काढू नकोस. यंत्राने मिटलेले डोळे काढले. भागोजी म्हणाला, तसे नव्हे, डोळे दिसताच कामा नयेत. यंत्राने देवीला काळा गॉगल घातला. भागोजीने बघितलं. डोळे दिसत नव्हते. सांगितलं होतं तसं झालं होतं. तो गेला आणि पट छापून घेऊन आला.

घरी आल्यावर मात्र त्याला जरा चुकल्यासारखं वाटलं. गॉगल घातलेली देवी त्याने कधी पाहिली नव्हती. मग त्याला आरशाची आठवण झाली. देवीच्या तोंडापुढे आरसा धरायचा असतो. पण एका हातात काजळाचं भांडं असणार, दुसऱ्यात कुंचला. आरसा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? आणि माणसाला हात वाढवायचे नाहीत, हे तर त्याला चांगलंच शिकवलेलं होतं. तेव्हा त्याने आपला दाढीचा गोल आरसा काढला आणि तो देवीच्या तोंडावर पक्का चिकटवूनच टाकला. उलटा की सुलटा, हा प्रश्न आला. त्याने आत डोकावून पाहिलं. तोंड दिसलं. आरशात तोंड दिसतंय म्हणजे आरसा बरोबर लागलाय. गॉगलही झाकला गेला. मग नियमाप्रमाणे त्याने पटावर पडदा टाकला आणि नियमाप्रमाणे तो पडदा कुणीही उचलला नाही.

जत्रेची सकाळ झाली. सगळं गाव देवळात. पटापुढे पहिला उभा राहायचा मान सरपंचांचा, म्हणून दौलतराव नवा फेटा बांधून, हातात आरतीचं ताट घेऊन समोर उभे होते. बाजूला बाळू गुरव. हा देवीचा पुजारी. त्याच्या चष्म्यावर धुपाची काजळी बसलेली होती. दाराबाहेर हलगीवाले. त्यांना ठरलेलं होतं, की चिताऱ्याचा कुंचला वर उठला की हलगी वाजवायची.

राहीबाई कुंचला घेऊन पुढे आली. हात इतका थरथरत होता की काजळाचे थेंब पडायला लागले. तिने एकदा पटाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे, आणि कुंचला त्याच्या हातात दिला.

"सात पिढ्यांचं हाय, लेका," ती हळूच म्हणाली. "डोळं दिसतील तिथं दोन रेघा वढ. हात हलू देऊ नगं."

गुरवाने पडदा ओढला.

दौलतरावांनी मान वर करून पाहिलं. समोर तेच होते. हिरवं लुगडं नेसलेले, फेटा बांधलेले, मिशा असलेले, आणि आठ हातांचे.

"परत?" दौलतराव म्हणाले.

भागोजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कुंचला घेऊन आरशाजवळ गेला. डोळे दिसत होते, पण ते हलत होते. सरपंच मान हलवत होते, तसे डोळे इकडून तिकडे पळत होते. रेघ कुठे ओढायची? भागोजी थबकला. आणि त्याला आईचं बोलणं आठवलं. चित्र म्हणजे नुसती खूण. खरं असतं ते चित्राच्या बाहेर. त्याने मागे वळून पाहिलं. खरे डोळे तिथे होते.

तो दोन पावलं सरपंचांकडे गेला. कुंचला बघून दौलतरावांनी घाबरून डोळे मिटले, हे एक बरं झालं. भागोजीने डाव्या पापणीवर एक आणि उजव्या पापणीवर एक अशा दोन रेघा ओढल्या. त्याचा हात तसूभरही हलला नाही. सात पिढ्यांत इतक्या सरळ रेघा कुणी ओढल्या नसतील.

कुंचला वर उठला. हलगी कडाडली. हलगी वाजली की वाकायचं, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्यामुळे सगळं गाव वाकलं. गुरवाला काजळीतून फक्त ताजे काढलेले काळेभोर डोळे दिसले. त्याने सरपंचांच्याच हातातलं ताट घेतलं आणि सरपंचांनाच ओवाळलं. कुणीतरी नारळ फोडला. दौलतरावांनी डोळे उघडले, तेव्हा एक म्हातारी त्यांच्या पायावर डोकं ठेवून सुनेबद्दल सांगत होती.

ते तिथून निघायला लागले. गुरव आडवा आला. एव्हाना त्याने चष्मा पुसला होता आणि काय झालं ते त्याला दिसलं होतं. पण नियम तो नियम. चिताऱ्याच्या हाताने डोळे उघडले, हलगी झाली, ओवाळून झालं. आता तीन दिवस जागचं हलता येणार नाही. हललं तर गावावर संकट येईल. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. दौलतरावांनी पुष्कळ सांगून पाहिलं, पण पुढची निवडणूक जवळ होती आणि गावावर संकट आणलं असं नाव घेऊन ती लढवता आली नसती. ते पटासमोरच्या चौरंगावर मांडी घालून बसले.

मोठी रांग लागली. ती लवकर सरकेचना, कारण प्रत्येकाला आरशात डोकावून आपण आठ हातांनी कसे दिसतो ते बघायचं होतं. सरूकाकूंनी कुंकू नीट करून घेतलं. गुरांचे डॉक्टर भांग पाडून गेले. आणि तिथून पुढे आलं की चौरंगावर सरपंच. त्यांना उठून जाता येत नव्हतं, फोन आला म्हणून बाहेर पडता येत नव्हतं, की उद्या या म्हणता येत नव्हतं. तीन दिवसांत गावाची सगळी गाऱ्हाणी त्यांना पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकावी लागली. दलितवस्तीचा नळ त्यांनी तिथूनच मंजूर केला. शाळेचं छप्परही कबूल केलं. अशी पावणारी हिरजाई कधी पाहिली नाही, असं गाव म्हणायला लागलं. पटाचा मान चिताऱ्याच्या घराकडेच राहील, पुढच्याही सात पिढ्या राहील, असं तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मिळून ठरवलं. दौलतरावांनीही हात वर केला. त्यांना फक्त संध्याकाळ व्हायला हवी होती.

राहीबाई देवळामागे जाऊन आधी पोटभर रडली, मग तिला हसू आवरेना. तीन दिवसांनी तिने पहिल्यांदा दोन घास जास्त खाल्ले. भागोजीने पान वाढलेलं होतं. त्याने विचारलं, आता काही राहिलं का? ती समाधानाने म्हणाली, आता काय राहायचंय, डोळे उघडले ते नियमाने नदीत सोडून ये, आणि मागे वळून बघू नकोस.

संध्याकाळ झाली. दौलतराव चौरंगावरून उतरले. पाय झाडले, कंबर सरळ केली आणि वहाणा शोधायला लागले. एवढ्यात दारात भागोजी दिसला. त्याच्या खांद्यावर दोर होता, मागे बैलगाडी जुंपलेली होती आणि हलगीवालेही त्याने सोबत आणले होते. त्याने सरपंचांना वाकून नमस्कार केला आणि त्यांचा दंड घट्ट धरला.

"सरपंच, आयेनं माघारी वळून बगायचं न्हाई म्हणून सांगितलंय," तो अगदी काळजीने म्हणाला, "म्हणून आत्ताच इचारतो. तुमास्नी पवता येतंय न्हवं?"